चव रजिस्टरवरची सही

सात वर्षांत नीलमनं मला एकदाही विचारलं नाही, की बाई, भात बरा झालाय ना, पोरांना काही होणार नाही ना. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आसपासच्या शाळांतल्या शिक्षिका भेटल्या की मी सांगायची, आमची नीलम सहा आठवडे दवाखान्यात राहून आली आणि बघा, कशी ठणठणीत. जणू तिला बरं मीच केलं होतं. माणसानं आपल्या अभिमानावर एक डोळा ठेवावा म्हणतात, पण मी पडले शिक्षिका. माझे दोन्ही डोळे कायम दुसऱ्यांवर.

आमची शाळा वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या अंगाला, मळ्यातल्या वस्तीवर. चौथीपर्यंतची. दोन वर्गखोल्या, एक छोटंसं ऑफिस, पत्र्याचं स्वयंपाकघर, एकेचाळीस पोरं, मुख्याध्यापिका मी आणि दुसरे शिक्षक हौसराव सर. मी दौंडची, रोज नदीवरचा पूल ओलांडून स्कूटीवर यायची. नीलम शाळेची स्वयंपाकीण. माहेर भांडगावचं, शेवंती-झेंडू करणाऱ्या माळ्यांचं घर. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन वस्तीवर आली. नवरा गोकुळ रांजणगावला एका कंपनीत शिफ्टला जातो. सासू सोजरबाई आधी शाळेचा स्वयंपाक करायची. तिचे गुडघे गेले आणि झारा सुनेच्या हातात आला. सुनेच्या हाताला चव होती. तिच्या मसालेभाताच्या वासानं दुसरीतली पोरं साडेअकरापासून पाढे चुकायला लागायची.

मग एका सोमवारी ती पाल निघाली.

शनिवारी पालथं घातलेलं मोठं पातेलं नीलमनं उचललं, तर आत वाळून गेलेली पाल. तिनं ती टाकली, पातेलं दोनदा घासलं, भात केला. पोरं जेवली, खेळली, घरी गेली. कुणाच्या पोटात साधी कळ आली नाही. गोष्ट तिथंच मिटायला हवी होती. पण संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तिच्या मनात आलं, आपण वाकून बघितलंच नसतं तर? हा प्रश्न एकदा आला तो गेलाच नाही.

आधी ती पातेलं पाच वेळा घासायला लागली. मग तांदूळ दाणा दाणा निवडायला लागली. मग मला चाखायला बोलवायची. "बाई, बरं हाय ना? पोरान्ला काय व्हणार न्हाई ना?" मी म्हणायची, काही होत नाही गं, मस्त झालाय. ती निघायची, दारातनं परत यायची. "तळाचं चाखा ना जरा." मी तळाचं चाखायची. परत यायची. दिवाळीपर्यंत साडेबाराचं जेवण दोनवर गेलं. दोनदा तर तिनं शिजलेलं अख्खं पातेलं मागच्या पाण्याच्या चारीत उलटं केलं आणि पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन ओळीत बसलेली. दुसऱ्या वेळी माझा तोल गेला. "एवढीच भीती वाटते तर घरी बस," मी सगळ्या पोरांदेखत म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी तर आणखी वाईट. तीन वर्षांच्या ज्ञानेश्वरीला, पोटच्या पोरीला, ती स्वतःच्या हातानं भरवेना. सोडा आणि राख लावून लावून हाताची सालं निघाली होती. सोजरबाईनं देवऋषी केला, लिंबं उतरवली, गळ्यात ताईत बांधला; नीलम तो ताईतसुद्धा धुवायची. शेवटी गोकुळच्या कंपनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही, हा आजार आहे आणि याच्यावर उपचार आहे. त्यांनी पुण्यातल्या एका दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं सहा आठवडे ठेवून घेतात म्हणाले.

चौथ्या आठवड्यात एका रविवारी मी आणि सोजरबाई तिला भेटायला गेलो. मला वाटलं होतं, खाट असेल, सलाईन असेल, गोळ्या देऊन निजवलेली असेल. गोळी होती, पण एकच. बाकी दिवसभर त्या लोकांनी तिला कामाला जुंपलं होतं. वॉर्डाच्या छोट्या स्वयंपाकघरात ती पोहे करत होती. पोहे एकदाच धुवायचे, चाखायचे नाहीत, कुणाला विचारायचं नाही आणि आठ जणांना वाढायचे. वाढून झाल्यावर पळायचं नाही. ते खात असताना समोर खुर्चीवर बसून राहायचं.

नीलम बसली होती. ब्लाउज घामानं पाठीला चिकटलेला, नजर एकेकाच्या तोंडावर फिरतेय. शेजारी अनुपमा नावाची समुपदेशक, तिशीतली, पायात साध्या स्लीपर. भीती शंभरपैकी किती आहे, ते ती दर पाच मिनिटांनी विचारायची. "आता किती?" नीलम म्हणायची, "नव्वद." थोड्या वेळानं "पंच्याऐंशी". पाऊण तासानं ती "चाळीस" म्हणाली आणि रडायला लागली. त्या पाऊण तासात कुणी तिची समजूत घातली नाही की पाठीवर हात ठेवला नाही. मला राग आला होता. पण आकडा खाली आलेला मी स्वतः ऐकला.

नंतर अनुपमानं आम्हाला बाजूला बसवलं. "घरी आल्यावर ती तुम्हाला विचारेल, काही होणार नाही ना? त्याचं उत्तर द्यायचं नाही. तुम्ही आज जेवढी खात्री द्याल, त्याहून जास्त तिला उद्या लागेल."

"मग म्हणायचं काय?" मी विचारलं.

"माहीत नाही, म्हणायचं. खरंच कुणाला माहीत नसतं."

सोजरबाईनं कानाला हात लावले. "असं अभद्र कसं बोलायचं वो? वास्तू तथास्तु म्हणती. सून इचारणार, लेकरान्ला काय व्हणार न्हाई ना, आन् मी घरात उभी राहून म्हणू, ठावं न्हाई?"

मी शिकलेली, म्हणून हसले. परतीच्या एसटीत मी सोजरबाईला अंधश्रद्धेवर एक छोटंसं भाषणही दिलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकून घेत होती.

नीलम घरी आली. सोजरबाईनं आपल्यापुरती वाट काढली. सुनेनं विचारलं की ती गुडघ्यावर हात ठेवून उठायची, उंबरा ओलांडून अंगणात जायची आणि तिथनं मोठ्यानं म्हणायची, "मला माहीत न्हाई." घराबाहेरचं बोलणं वास्तूला ऐकू जात नाही, असा तिचा हिशेब. दोन महिन्यांत नीलमनं घरी विचारणं सोडलं. ज्ञानेश्वरीला भरवायला लागली. हाताची कातडी भरली. जूनला ती शाळेत परत आली आणि मलाही काही विचारलं नाही.

दवाखान्याचा आधी सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी फोन यायचा. सहा आठवड्यांचा उपचार किती वर्षं टिकतो, हे त्यांना बघायचं होतं. आधी नीलमशी बोलायचे, मग मला विचारायचे, शाळेत कशी आहे. आजाराचे चाळीसपैकी मार्क असायचे आणि जितके कमी तितकं चांगलं, हे मला कधी पटलं नाही, पण असो. दाखल झाली तेव्हा एकतीस, सुटली तेव्हा अकरा. शाळा दोन वर्षं बंद होती तेव्हा पाच. नंतर सात, सहा. मी फोनवर म्हणायची, "ठणठणीत."

आता चव रजिस्टरचं सांगते. शाळेत अन्न शिजलं की पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, पदार्थ, चव कशी, सही. सरकारी नियम आहे आणि चांगला आहे. रोज सव्वाबाराला नीलम पातेल्याच्या झाकणावर ते रजिस्टर ठेवायची, सुतळीनं बांधलेल्या पेनासकट. मी एक चमचा चाखायची, "चव योग्य" लिहायची, सही करायची. माझी सही लांबलचक, शेवटी शेपूट. नीलम शेपटी पूर्ण होईपर्यंत बघत उभी राहायची आणि मग झाकण काढायची. अर्ध्या मिनिटाचं काम. यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मला रजा लागायची. कधी मुलीच्या बाळंतपणाला, कधी निवडणुकीच्या कामाला. आदल्या दिवशी दुपारी नीलम रजिस्टर घेऊन हजर. "बाई, उंद्या तुमी न्हाई ना? कागद मोकळा नको राह्यला." मी उद्याची तारीख टाकायची, मसालेभात, चव योग्य, सही. जो भात अजून पोत्यात होता त्याची चव योग्य. आमच्या खात्यात हे कुणाला पाप वाटत नाही. आगाऊ सह्या आणि मागाहून सह्या करत आम्ही म्हातारे झालो. उलट मला वाटायचं, किती नीटनेटकी बाई आहे, कागदाची केवढी काळजी. मार्च संपला की तिच्या रजिस्टरचं कौतुक मी हौसराव सरांनाही ऐकवायची.

यंदाच्या जुलैत एका सोमवारी सकाळी सातला मोबाईलवर मेसेज आला, दहा वाजता शिरूरला ट्रेनिंगला हजर राहावे. मी दौंडहून परस्पर शिरूरला गेले. पावणेएकला हौसराव सरांचा फोन.

"बाई, तुम्ही किती वाजंपर्यंत याल?"

"पाचला सुटेल. का?"

"पोरं बसलीत कवाची. नीलम वाढंना."

"तुम्ही चाखलं नाही का?"

"दोनदा चाखलं. सही केली. ती म्हणती, ही सही न्हाई."

मी म्हणाले, फोन तिला द्या. नीलम फोनवर आली. ती हळूच म्हणाली, "बाई, पोरान्ला काय व्हणार न्हाई ना?"

तो प्रश्न मी सात वर्षांनी ऐकत होते. मी ट्रेनिंगमधून पोटदुखीचं कारण सांगून निघाले. तासाभराची वाट. सगळ्या वाटेवर मला एकच दिसत होतं, चारीत पालथं पडलेलं पातेलं. पोचले तेव्हा दोन वाजले होते. पहिलीतली तीन पोरं भुकेनं घरी निघून गेली होती. नीलम पातेल्याशी दोन्ही हात झाकणावर ठेवून बसली होती आणि चेहरा तोच, सात वर्षांपूर्वीचा. मी हेल्मेटसुद्धा न काढता एक घास चाखला. गार झाला होता. सही केली. शेपटी पूर्ण झाली तशी तिच्या खांद्यातला ताण उतरला, ती उठली आणि हसून वाढायला लागली. त्या हसण्याची मला जास्त भीती वाटली.

त्या दुपारी मी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. सात वर्षांत मी शाळेत नव्हते असे छप्पन्न दिवस सापडले. छप्पन्नच्या छप्पन्न दिवशी माझी सही. हौसराव सर त्या सगळ्या दिवशी हजर, पण त्यांची सही कुठंच नाही. चाखण्याशी तिला देणंघेणंच नव्हतं. ती तोंडानं विचारत नव्हती, वहीनं विचारत होती, आणि मी रोज उत्तर देत होते, की काही होणार नाही, काही होणार नाही. सोजरबाईला एसटीत भाषण देणारी मी.

आणि येत्या तीस नोव्हेंबरला मी रिटायर होणार होते.

दोन दिवसांनी नीलम नवं कोरं रजिस्टर घेऊन आली. पट्टीनं रेघा मारलेल्या, एक डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंतच्या तारखा घातलेल्या, रविवार गाळलेले. तिनं ते माझ्यापुढं ठेवलं.

"बाई, एवढ्यावर सह्या करून ठिवा. एकदम नगं. रोज दहा दहा केल्या तरी व्हत्याल."

ती अगदी साधेपणानं बोलत होती, चटणी मीठ मागावं तशी. मी तिच्याकडं बघितलं आणि पेन घेतलं. हो, घेतलं. नाही म्हणाले तर काय होईल या भीतीनं घेतलं. एक डिसेंबर, चव योग्य, सही. दोन डिसेंबर. तीन. सातवी सही आठ डिसेंबरची होती. तिथं माझा हात थांबला. आठ डिसेंबरला मी कुठं असेन, असेन की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि त्या दिवशीच्या भाताची चव मात्र योग्य होती.

"हात दुखतोय गं," मी खोटंच म्हणाले. "राहू दे माझ्याकडं."

ते रजिस्टर मी पिशवीत घालून दौंडला नेलं. तिच्या नजरेसमोर नको म्हणून नेलं, की नंतर गुपचूप पुरं करता येईल म्हणून, हे मी तुम्हाला आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ऑगस्टमध्ये अनुपमा आली. यंदाची फेरी शेवटची, म्हणून समोरासमोर. आता तिच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या. चौथीच्या वर्गात बसून तिनं नीलमला तासभर प्रश्न विचारले. मार्क आले सहा. मग मला बोलावलं. नीलम बाहेर कांदा चिरत होती, विळीचा आवाज येत होता. बोलले तर नीलमचं पितळ उघडं पडणार, तिची नोकरी जाईल की काय, ती परत कोसळेल की काय. नाही बोलले तर डिसेंबर येणारच होता. मी जुनी रजिस्टरं टेबलावर ठेवली आणि छप्पन्न दिवस तिला बोट ठेवून दाखवले.

अनुपमा बराच वेळ पानं उलटत होती.

"म्हणजे सहा आठवडे फुकटच गेले ना?" मी विचारलं.

"घरी दहा माणसांचा स्वयंपाक करते. मुलीला डबा देते. तिथं तुमची सही लागते?"

"नाही."

"मग ते तिनं कमावलंय, ते तिचंच आहे. हा एक कोपरा राहिला. आणि तो आपण सगळ्यांनी मिळून झाकला, बाई. मी दरवर्षी फोनवर विचारत राहिले, ती विचारते का. ती काय करते, हे बघायला इथवर आले नाही." तिनं पुढ्यातल्या फॉर्मवरचा सहाचा आकडा खोडला. "तिला सांगा. मी सांगायला नको, तुम्हीच सांगा. मी दर आठवड्याला फोन करीन."

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या स्वयंपाकघरात मी नीलमला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत राहिली.

"तुमाला कवा कळलं?"

"ट्रेनिंगच्या दिवशी."

"आन् त्याच्यानंतरबी रोज सही केली तुमी."

"केली."

"का?"

तुझ्यासाठी, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण तिच्यासमोर ते निघेना. "मला भीती वाटत होती," मी म्हणाले. "तू पातेलं उलटं करशील, पोरं उपाशी राहतील, जाता जाता माझं नाव खराब होईल."

तिनं विळी धुतली. एकदाच धुतली, मी बघत होते. "म्हंजी तुमीबी माझ्यावानीच," ती म्हणाली आणि तांदूळ वैरले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एक चौघडी कागद दाखवला. पेटीत लुगड्याच्या घडीत सात वर्षं ठेवलेला. दवाखान्यात तिच्याच हातानं लिहिलेली दहा कामं, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. पातेलं एकदाच घासणे, टिक. आठ जणांना पोहे वाढणे, टिक. लेकीला भरवणे, टिक. दहावं काम, शाळेत कुणाला न विचारता भात वाढणे. त्याच्यापुढं कोरं.

"ह्याच्यावर म्या कवाच टिक केली न्हाई," ती म्हणाली. "फोनवर कुणी इचारलंच न्हाई."

मग सुरू झालं. नियम मोडायचा नव्हता. चाखणं तर व्हायलाच हवं. म्हणून असं ठरलं, की हौसराव सर वाटीत भात घेऊन ऑफिसात जातील, तिथं चाखतील, सही करतील आणि रजिस्टर कपाटात ठेवतील. नीलमला काही दाखवायचं नाही, सांगायचं नाही. तिनं ठरल्या वेळी झाकण काढायचं. मी मुद्दाम वर्गातच बसायची, म्हणजे मला खोटं बोलावं लागू नये.

पहिल्या दिवशी साडेबाराचा सव्वा वाजला. ती वर्गाच्या दाराशी आली, ओठ पांढरे पडलेले. "बाई, सरांनी चाखलं का?"

मी उठले. व्हरांडा ओलांडला, पायऱ्या उतरले आणि पटांगणात उन्हात जाऊन उभी राहिले. तिथनं म्हणाले, "माहीत नाही." म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलंय. शाळेच्या छपराखाली ते शब्द माझ्याही तोंडून निघाले नव्हते. मी मनातल्या मनात सोजरबाईची माफी मागितली. नीलम तशीच उभी होती. मग वळली आणि आत गेली. थोड्या वेळानं झाऱ्याचा आवाज आला. पोरं जेवत असताना ती त्यांच्यासमोर पाटावर बसून होती, आणि मी माझ्या खुर्चीत, दोघींनाही घाम फुटलेला.

रोज सुधारत गेलं असं नाही. सप्टेंबरात एक दिवस ती अर्ध्या स्वयंपाकातनं उठून घरी पळाली. मी गॅस बंद केला आणि काय करावं ते सुचेना. वीस मिनिटांनी बांधावरून सोजरबाई येताना दिसली, एक हात काठीवर, दुसऱ्यात सुनेचं मनगट. ते गुडघे घेऊन एवढं अंतर ती कशी आली कोण जाणे. पटांगणात येऊन तिनं मनगट सोडलं. "जा. म्या हितंच बसती. मला इचारू नगंस, मला ठावं न्हाई." आणि ती लिंबाखाली बसली, पोरं हात धुवून उठेपर्यंत. त्या दिवशी दीड वाजला. अनुपमाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दीड वाजला, पण वाढलं ना?" वाढलं होतं.

दिवाळीनंतर पावणेएकला वाढणं व्हायला लागलं. एकोणतीस नोव्हेंबरच्या शनिवारी माझा निरोप समारंभ झाला. वस्तीनं शाल दिली, भाषणं झाली, नीलमनं सगळ्या वस्तीची लापशी आणि मसालेभात केला. मी पहिल्या पंगतीत पोरांबरोबर बसले. ती मला वाढत असताना माझा उजवा हात उगाच पेन शोधत होता. ती माझ्याकडं न बघता पुढच्या ताटाकडं गेली. निघताना तिनं विचारलं, "बाई, ती वही कुठं हाय?"

"माझ्या घरी."

"राहू द्या तिथंच," ती म्हणाली आणि वाकून पाया पडली.

एक डिसेंबरला मी घरी. साडेबारा वाजले आणि माझ्याच्यानं बसवेना. मी कपाटातून ते रजिस्टर काढलं. एक डिसेंबर, मसालेभात, चव योग्य, खाली माझी लांबलचक सही. तिच्याकडं कितीदा बघितलं तरी मला कसलाच धीर आला नाही. मग मी हौसराव सरांना फोन लावला. "वाढलं का? सगळं नीट?" सर बिचारे भले माणूस. "व्हय बाई, एकदम झकास." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला परत लावला. तिसऱ्या दिवशी सव्वाबारालाच लावला आणि मग पावणेएकलाही. चौथ्या दिवशी तीनदा.

पाचव्या दिवशी फोन नीलमनं उचलला.

"बाई, सर पोरान्ला बसवाय लागल्यात. बोला."

मागं ताटल्यांचा आवाज येत होता. मी म्हणाले, "काही नाही गं, सहजच केला. सगळं नीट आहे ना? पोरांना काही..."

पुढचं मी गिळलं, पण तिनं ऐकलं होतं.

"माहीत न्हाई, बाई," नीलम म्हणाली. आवाज मऊ होता, पण पुढं ती एक शब्द बोलली नाही. मी वाट बघतेय हे तिला कळत होतं. मग म्हणाली, "ठिवते. वाढायचंय."

मी फोन पालथा ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. आता किती, मी स्वतःलाच विचारलं, आणि खरं सांगायचं तर नव्वद होतं. परत फोन लावला नाही. दीडला ते पन्नासवर आलं, मग मी उठून भाकरी वाढून घेतली.